सद्‌गुणांचा जुना खेळ : ‘अल्टिमा’चा चौथा भाग

पुस्तक जुनें झालें म्हणून तें वाचतां येईनासें होत नाहीं. कागद पिवळा पडतो, कडा झिजतात. परंतु अक्षरें ओळखीचीं असतात आणि वाचणाराचे डोळेहि तेच असतात. संगणकावरील खेळाची गोष्ट निराळी आहे. ज्या यंत्रासाठीं तो रचलेला असतो तें यंत्र दहा-पंधरा वर्षांत भंगारांत जातें. ज्या तबकडीवर तो साठविलेला असतो ती वाचणारें साधन मिळेनासें होतें. खेळणारांच्या संवयी तर इतक्या झपाट्यानें पालटतात कीं, बापानें रात्र जागून खेळलेला खेळ मुलाला पांच मिनिटेंहि सोसवत नाहीं. म्हणून जुन्या खेळाविषयीं एक प्रश्न पुन्हां पुन्हां विचारला जातो. त्याला इतिहासांतील मानाची जागा देऊन दुरूनच नमस्कार करावा, कीं आजहि तो बसून खेळावा?

या प्रश्नाचें सरसकट उत्तर देण्यांत अर्थ नाहीं. एखादाच खेळ घेऊन तो कसास लावून पाहणें बरें. १९८५ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेला ‘अल्टिमा’ या मालिकेचा चौथा भाग अशा परीक्षेला फार योग्य आहे. त्याचें उपनाम ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’, म्हणजे अवतारपदाचा शोध, असें आहे. परदेशांत जन्मलेल्या या खेळाच्या नांवांतच एक संस्कृत शब्द बसलेला आहे, आणि तो तेथें केवळ शोभेसाठीं बसलेला नाहीं.

हा खेळ ज्या जातीचा आहे तिला इंग्रजींत ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. म्हणजे भूमिका घेऊन खेळावयाचा खेळ. बुद्धिबळांत खेळणारा सगळें सैन्य हलवितो. येथें तो एका माणसाचें सोंग घेतो, आणि त्या माणसाचें बळ, चपळाई, बुद्धि व पैसा हीं सारीं आकड्यांत मांडलेलीं असतात. या प्रकाराचा उगम संगणकांत झालेला नाहीं. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून प्रसिद्ध केला. चार मित्रांनीं टेबलाभोंवतीं बसावें, एकानें गोष्ट चालवावी, इतरांनीं पात्रांच्या भूमिका घ्याव्या आणि शंकेच्या जागीं फांसे टाकून निर्णय लावावा, असें त्याचें रूप होतें.

टेक्सासमध्यें शिकणाऱ्या रिचर्ड गॅरियट या मुलाला या खेळानें वेड लावलें. त्याचा जन्म १९६१ सालीं इंग्लंडांत केंब्रिज येथें झाला. मित्रांनीं त्याला ‘लॉर्ड ब्रिटिश’ असें टोपणनांव दिलें, आणि पुढें त्याच नांवाचा राजा त्याच्या खेळांतून राज्य करूं लागला. वडील ओवेन गॅरियट हे अंतराळवीर होते व १९७३ सालीं स्कायलॅब या अवकाशस्थानकांत राहून आले होते. मुलानें १९७९ सालीं ‘अकालाबेथ’ नांवाचा खेळ लिहिला आणि ज्या संगणकांच्या दुकानांत तो नोकरीस होता तेथेंच प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून विकावयास मांडला. १९८१ सालीं ‘अल्टिमा’चा पहिला भाग निघाला, १९८२ सालीं दुसरा, आणि १९८३ सालीं तिसरा. तिसऱ्याच्या वेळीं गॅरियटनें आपला भाऊ रॉबर्ट याच्यासह ‘ओरिजिन’ ही स्वतःची कंपनी काढली.

या तीन भागांची गोष्ट एकाच सांच्यांतून निघालेली होती. पहिल्यांत मोंडेन नांवाचा दुष्ट मांत्रिक, दुसऱ्यांत त्याची शिष्या मिनॅक्स, तिसऱ्यांत त्या दोघांचा वारस एक्झोडस. त्यांचा नाश केला म्हणजे खेळ संपला. तो नाश कोणत्या मार्गानें केला याची चौकशी कोणी करीत नसे. पहिल्या भागांत तर दुकानांतून चोरी करण्याची एक स्वतंत्र आज्ञाच होती. जगाचें रक्षण करावयास निघालेला वीर वाटेंत वाण्याची गादी लुटतो, हें कोणाला खटकत नव्हतें. कारण हा अखेर खेळच होता.

स्वतःची कंपनी झाल्यावर खेळणारांचीं पत्रें थेट गॅरियटच्या हातीं येऊं लागलीं. लोकांनीं आपले पराक्रम त्यांत मोठ्या उत्साहानें लिहिले होते, आणि त्या पराक्रमांत लूट होती, निरपराध गांवकऱ्यांची हत्याहि होती. त्याच सुमारास अमेरिकेंतील कांहीं धर्मनिष्ठ मंडळी अशा खेळांवर सैतानी छंदाचा ठपका ठेवीत होती. या टीकेंत अतिरेक पुष्कळ होता. परंतु त्या पत्रांनीं गॅरियटपुढें जो प्रश्न उभा केला तो खराच होता. खेळणारा ज्याला वीर म्हणतो त्याला वीर कां म्हणावयाचें? चौथ्या भागांत या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें त्यानें ठरविलें, आणि त्यासाठीं एक धाडसी गोष्ट केली. त्यानें खलनायकच काढून टाकला.

चौथ्या भागांत मारावयाचा महाराक्षस नाहीं. ब्रिटानिया या राज्यांत आतां शांतता आहे. राजा लॉर्ड ब्रिटिश याला हवा आहे तो असा एक मनुष्य कीं, ज्याचें आचरण इतरांना आदर्श व्हावें. त्या पदवीला ‘अवतार’ म्हटलें आहे. आपल्याकडे अवतार म्हणजे उतरणें. देव धर्मरक्षणासाठीं खालीं येतो. येथें अर्थाची दिशा उलटी झाली आहे. मनुष्यच एकेक पायरी वर चढतो. ही उलटापालट शास्त्रीबोवांना मानवणार नाहीं. पण तिच्यामागें असलेला आदर लपत नाहीं. आज पडद्यावरील आपल्या चित्रालाहि लोक ‘अवतार’ म्हणतात. त्या प्रयोगाच्या आरंभीच्या उदाहरणांत या खेळाची गणना होते.

पायऱ्या आठ आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. त्यांच्या मुळाशीं सत्य, प्रेम आणि धैर्य हीं तीन तत्त्वें मानलीं आहेत. सत्यापासून प्रामाणिकपणा, प्रेमापासून करुणा, धैर्यापासून शौर्य. सत्य आणि प्रेम एकत्र आलीं म्हणजे न्याय. प्रेम आणि धैर्य यांचा त्याग. सत्य आणि धैर्य यांचा सन्मान. तिन्हींचें मिळून अध्यात्म. तिन्हींचा अभाव म्हणजे गर्व, आणि गर्वाच्या विरुद्ध टोंकाला नम्रता. ही मांडणी कोणत्याहि एका धर्मग्रंथांतली नाहीं. एका चोवीस वर्षांच्या तरुणानें ती आपल्या विचारानें जुळविली, आणि म्हणूनच ती शाळेंतील कोष्टकासारखी सुबक आहे.

खेळाचा आरंभच आजहि विलक्षण वाटतो. बळाचे आकडे ठरविण्यासाठीं फांसे टाकावयाचे नसतात. जत्रेंतील एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते आणि सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नांत दोन सद्‌गुण एकमेकांसमोर उभे असतात. खरें बोलावें तर करुणेला धक्का लागतो, दया करावी तर न्याय बाजूला पडतो. वाईट उत्तर एकहि नसतें, आणि त्यामुळेंच उत्तर देणें अवघड जातें. या सात उत्तरांवरून खेळणाराचा पेशा ठरतो. जो प्रत्येक वेळीं नम्रता निवडील तो मेंढपाळ होतो. त्याच्यापाशीं ना मंत्रबळ ना शस्त्रबळ. आणि त्याचा प्रवास सुरू होतो तो मॅजिन्सिया या शहराजवळ, जें गर्वापायीं उध्वस्त होऊन भुतांचें झालेलें आहे. नम्रता पसंत करणाराच्या वाट्याला सर्वांत खडतर आरंभ यावा, यांत रचणाराची खोल दृष्टि दिसून येते.

यानंतर खेळणारा मोकळा सुटतो, आणि येथेंच खेळाचें खरें यंत्र चालूं होतें. मंत्रांसाठीं वनस्पति व द्रव्यें विकत घ्यावीं लागतात. तीं विकणारी व्यक्ति आंधळी असते. ती किंमत सांगते, आणि किती नाणीं द्यावयाचीं तें खेळणारानें स्वतः टंकावयाचें असतें. शंभरांच्या जागीं एक नाणें ठेवलें तरी माल मिळतो. शिपाई धांवत येत नाहीं, दंड होत नाहीं, पडद्यावर कांहीं उमटत नाहीं. परंतु यंत्राच्या आंत कोठें तरी प्रामाणिकपणाचा आंकडा घसरलेला असतो. भिकाऱ्याला दान दिलें म्हणजे करुणा वाढते. दुष्ट शत्रूपुढून पळ काढला म्हणजे शौर्य घटतें. उलट, जे प्राणी स्वभावानें दुष्ट नाहींत ते पळूं लागले तर त्यांना जाऊं देणेंच योग्य ठरतें. रुग्णालयांत रक्तदान केलें तर त्याग वाढतो. लोकांच्या घरांतील पेट्या उघडल्या तर तो भरलेला हिशेब रिता होतो. कोणी मोठेपणाविषयीं विचारलें आणि खेळणारानें फुशारकी मारली तर नम्रता जाते. राजवाड्यांत हॉकविंड नांवाचा द्रष्टा बसलेला असतो. तो विचारल्यावर सूचक शब्दांत सांगतो कीं प्रगति कितपत झाली. आंकडा तोहि सांगत नाहीं.

सापशिडीचें जुनें रूप जो मोक्षपट, तो महाराष्ट्रांतील वाचकांना ठाऊक आहे. तेथेंहि सद्‌गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. परंतु मोक्षपटावर शिडी मिळते ती फांशानें. सोंगटी ज्या घरांत पडली त्या घराचें पुण्य तिला लाभतें. खेळणाराच्या हातांत निवड नसते, आणि दैवाचें बळ दाखविणें हाच त्या पटाचा धडा असतो. ‘अल्टिमा’च्या चौथ्या भागांत फांसा बाजूला ठेवला आहे. शिडी चढावयाची कीं सापाच्या तोंडीं जावयाचें हें खेळणारा आपल्या कृतीनें ठरवितो, आणि बहुधा आपण कांहीं ठरवीत आहों याची त्याला जाणीवहि नसते. संगणकाच्या खेळांत हें इतक्या विस्तारानें पूर्वीं कोणी केलेलें नव्हतें. ‘कंप्यूटर गेमिंग वर्ल्ड’ या अमेरिकन मासिकानें १९९६ सालीं आजवरच्या उत्कृष्ट खेळांची यादी केली तेव्हां या खेळाला दुसरें स्थान दिलें, तें याच कारणानें.

आतां दुसरी बाजू. मान्य करावयास पाहिजे कीं, आजच्या खेळणाराला या खेळाचें रूप परकें वाटेल. पडद्यावर एका वेळीं अकरा आडवे व अकरा उभे एवढेच चौकोन दिसतात. झाड म्हणजे एक ठिपकेदार आकृति, समुद्र म्हणजे निळ्या रेघा. इंग्रजी वर्णमालेंतील प्रत्येक अक्षराला एकेक आज्ञा नेमून दिलेली आहे आणि त्या पाठ कराव्या लागतात. माणसांशीं बोलावयाचें तें योग्य शब्द टंकून. कोणता शब्द टंकावा हें दुसऱ्या गांवांतील दुसऱ्या माणसाच्या बोलण्यांतून हुडकावें लागतें. तिसऱ्या भागाच्या नकाशापेक्षां या भागाचा नकाशा सोळापट मोठा आहे, आणि ‘पुढें कोठें जावें’ असें दाखविणारी खूण त्यावर कोठेंहि उमटत नाहीं. मंत्रांचीं मिश्रणें पुन्हां पुन्हां हातानें करावीं लागतात. लढाया संथ आहेत, आणि अखेरच्या भुयारांत त्या कंटाळा येईपर्यंत येत राहतात.

याहून गंभीर असा एक आक्षेप आहे, आणि तो चित्रांच्या साधेपणाविषयीं नाहीं. सद्‌गुण आंकड्यांत मोजले कीं ते विकतहि घेतां येतात. एकाच भिकाऱ्यापुढें उभें राहून एकेक नाणें दहा वेळां दिलें तर करुणा भराभर वाढते. हा हिशेब एकदां कळला म्हणजे अवतार होण्यासाठीं चांगलें असण्याची गरज उरत नाहीं; बेरीज येणें पुरतें. आज या खेळाचे सगळे हिशेब उघड झालेले आहेत. कोणत्या कृतीला किती गुण मिळतात याचीं कोष्टकें कोणालाहि सहज मिळतात. ज्याचें सारें तेज गुप्ततेंत होतें त्याचें गुपितच फुटलें असेल, तर खेळण्याजोगें उरलें काय?

या आक्षेपाचें पहिलें उत्तर गॅरियटनें स्वतःच पुढच्या भागांत देऊन ठेवलें आहे. १९८८ सालच्या पांचव्या भागांत राजा बेपत्ता होतो आणि त्याच्या जागीं आलेला ब्लॅकथॉर्न याच आठ सद्‌गुणांचे कायदे करतो. खोटें बोलणाराची जीभ कापली जाते. उत्पन्नाचा अर्धा वांटा दान न करणाराचें सारें उत्पन्न जातें. गुण तेच, पण सक्तीचे झाल्यावर त्यांचा जुलूम होतो. १९९० सालच्या सहाव्या भागांत तर आणखी मोठा धक्का आहे. चौथ्या भागाच्या अखेरीस ज्या ज्ञानग्रंथापर्यंत अवतार पोंचतो तो ग्रंथ वस्तुतः गार्गॉइल नांवाच्या दुसऱ्याच एका जमातीचा होता, आणि तो त्यांच्यापासून गेल्यामुळें त्यांच्या जगाचा नाश ओढवला, असें तेथें कळतें. ज्याला एका देशानें अवतार म्हटलें त्याला दुसरा देश खोटा प्रेषित म्हणतो. म्हणजे गुणांची बेरीज ही नीति नव्हे, हा विचार रचणाराला पुढें स्वतःलाच सुचला आणि त्यानें तो लपविला नाहीं. हे तिन्ही भाग मिळून एक लांबलेला वाद आहे, आणि चौथा भाग हा त्यांतील पूर्वपक्ष आहे. पूर्वपक्ष ऐकल्याशिवाय पुढील खंडनाची गोडी कळत नाहीं.

दुसरें उत्तर खेळणाराच्या संवयींत आहे. १९८५ सालचा खेळणारा आधींच्या खेळांतून एक संवय घेऊन आला होता. दिसेल ती पेटी उघडावी, मिळेल तें सोनें उचलावें. आज चाळीस वर्षें होऊन गेलीं, यंत्रें हजारों पटींनीं बलवान झालीं, पण ती संवय अजून तशीच आहे. आजच्याहि कितीतरी खेळांत वीर परक्याच्या घरांत शिरतो, कपाटें धुंडाळतो, आणि घरधनी शेजारीं उभा राहून स्वस्थपणें पाहत असतो. असा खेळणारा प्रथमच ब्रिटानियांत येतो, सरावानें पेटी उघडतो, आणि पुष्कळ दिवसांनीं देवळांत ध्यानास बसल्यावर त्याला समजतें कीं आपण योग्य नाहीं. त्या क्षणीं त्याला मागें वळून आपलें सारें वर्तन आठवावें लागतें. खेळानें दिलेला हा टोला आजहि तितकाच लागतो, कारण ज्या जागीं तो बसतो ती जागा बदललेली नाहीं. किंबहुना आज तो अधिक लागावा. आजच्या अनेक खेळांत चांगल्या कृत्याबरोबर तत्काळ गुण झळकतात, पदकें वाजतगाजत येतात. त्यामुळें कोणी पाहत नसतांना कसें वागावें या प्रश्नाला जागाच राहत नाहीं. हा जुना खेळ मात्र गप्प राहतो आणि पाहत असतो.

मग निर्णय काय? ज्याला चित्रांची शोभा आणि लढाईची चपळाई हवी त्यानें या वाटेस जाऊं नये. त्याला दुसरें पुष्कळ आहे. ज्याला कोष्टक हातांत घेऊन खेळावयाचें आहे त्यानेंहि जाऊं नये. त्याच्या हातीं केवळ जमाखर्चाची वही येईल. परंतु ज्याला कांहींएक वाट न विचारतां हिंडण्याची हौस आहे आणि संध्याकाळीं तासभर स्वस्थ बसण्याइतका धीर आहे, त्यानें हा खेळ केवळ इतिहास म्हणून न पाहतां खरोखर खेळावा.

तो मिळण्यांत आतां अडचण राहिलेली नाहीं. ‘ओरिजिन’ कंपनी १९९२ सालीं ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’नें विकत घेतली व २००४ सालीं ती बंद झाली. पण २०११ सालीं जुन्या खेळांचें वितरण करणाऱ्या ‘गॉग’ या कंपनीमार्फत हा भाग विनामूल्य देण्यांत आला. त्याच्याबरोबर एक असा कार्यक्रम येतो कीं, जो आजच्या संगणकांत जुन्या संगणकाचें सोंग वठवितो. मूळ पेटींत कापडावर छापलेला नकाशा, धातूचें एक लहान चिन्ह आणि दोन पुस्तकें होतीं. एक ब्रिटानियाच्या इतिहासाचें, दुसरें मंत्रविद्येचें. हीं पुस्तकें आधीं वाचलींच पाहिजेत, कारण खेळांतील अर्धें ज्ञान पडद्यावर नसून त्यांच्यांत आहे. जवळ एक कोरी वही असावी. कोणत्या गांवीं कोण काय बोललें, कोणत्या देवळाचा मंत्र कोणता, हें हातानें लिहून ठेवावें. त्या काळच्या खेळणारांनीं तसेंच केलें होतें, आणि खेळाची निम्मी गोडी त्या वहींत असते. घरांत मुलें असतील तर त्यांना शेजारीं बसवावें. त्या सात प्रश्नांचीं उत्तरें आईनें, बापानें आणि मुलांनीं वेगवेगळीं दिलीं म्हणजे एक संध्याकाळ वादांत कशी जाते तें कळणार नाहीं.

जुनी वस्तु टिकते ती तिच्या कारागिरीमुळें असें आपण मानतों. या खेळाची कारागिरी केव्हांच मागें पडली. त्याहून सुबक काम आज एखादा विद्यार्थीहि करूं शकेल. टिकला आहे तो त्यांतील प्रश्न. आंधळी दुकानदारीण किंमत सांगते आणि वाट पाहते. नाणीं किती ठेवलीं हें तिला दिसत नाहीं. पडद्यावरच्या खुणेपुढें एक आंकडा टंकावयाचा असतो, आणि तो टंकतांना खेळणारा एकटा असतो.